सिगडीची भाषा, पेपरची भाषा

दादा मला जन्मात कधी प्रभाकर म्हणाला नाही. परभ्या, नाहीतर नुसतं ‘काय गा’. त्यामुळे गेल्या महिन्यात सकाळी साडेसातला फोन वाजला आणि पलीकडून त्याने ‘प्रभाकर...’ एवढंच म्हटलं, तेव्हा पुढचं त्याने सांगण्याआधीच मला कळलं होतं. अमरावतीहून नागपूरला पोचायला तीन तास लागतात. त्या तीन तासांत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि डोक्यात कुठलाही मोठा विचार येत नव्हता. नववीच्या भूगोलाच्या पुस्तकाचं फाटकं कव्हर तेवढं आठवत होतं.

सुमनवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, गेली. पंचवीस वर्षं तिने आमच्या वस्तीत बालवाडी चालवली, त्यामुळे अंगणात जमलेल्या माणसांपैकी निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली. त्यातला एक जण, केस पांढरे झालेला, माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘बाईंनी मले बोटं मोजाले शिकवलं.’’ मी मान हलवली. मला त्याला सांगायचं होतं की बाबा रे, तुझ्याही आधीचा त्यांचा पहिला विद्यार्थी मी आहे, आणि माझं काम बोटं मोजण्यापेक्षा कठीण होतं. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत मला अभ्यास करता येत नव्हता, आणि तो येत नाही हे मला, माझ्या आईबाबांना आणि शाळेला, कोणालाच माहीत नव्हतं. ते पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्या.

साल सत्याहत्तर. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टी झाल्या, दादाचं लग्न झालं आणि मी नववीत नापास झालो. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्याने माझं बोलणी खाणं मांडवाच्या गडबडीत राहून गेलं आणि ते बाबांनी पाहुणे गेल्यावर सावकाश पुरवलं. बाबा नागपूरच्या गांधीबाग बाजारात एका ठोक कापडाच्या दुकानात कामाला होते. ठाणं, म्हणजे कापडाचे तागे, उतरवणं, गाठी, म्हणजे त्यांचे गठ्ठे, बांधणं, मापं घेणं. दादा आठवीतून शाळा सोडून त्याच दुकानात लागला होता. आता तिसरी जागा माझी, हे जवळजवळ ठरलंच होतं. ‘‘आणखी एक साल देतो,’’ बाबा म्हणाले, ‘‘मंग उचल गाठ.’’

वहिनी कुहीकडच्या एका खेड्यातली. घरी धानाची थोडी शेती. आठवी पास झाली आणि शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती. लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून फक्त चारच वर्षांनी मोठी. पण आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ती मला ‘भाऊजी’ आणि ‘तुमी’ म्हणायची. मला त्याचं केवढं अप्रूप! नापास झाल्यापासून घरात मला सगळे ‘अरे’च्याही खालच्या सुरात बोलत होते आणि ही नवी बाई मला विचारत होती, ‘‘भाऊजी, तुमी चहा घेता का?’’ त्या एका ‘तुमी’साठी मी तिचं काहीही ऐकलं असतं. पुढे तिने ऐकायला लावलंही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मला ती त्या वेळी माहीत नव्हती, पण वाचणाऱ्याने ती न कळता पुढे जाऊ नये. लग्नाला तीन महिने झाले तेव्हा वहिनीने आईच्या मार्फत बाबांपुढे विषय काढला होता. तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तो घरच्या कर्त्या माणसाच्या सहीशिवाय भरायचं तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं. बाबा हसले आणि ओसरीवर मोठमोठ्याने वाचत बसलेल्या माझ्याकडे आतूनच बोट दाखवून म्हणाले, ‘‘आधी या पोट्ट्याले नववी पास करून दाखव. मंग तुहा फॉर्म भरू.’’ बाबांना वाटलं, विषय संपला. वहिनीला वाटलं, विषय सुरू झाला. माझ्या नववीवर तिची दहावी टांगलेली होती, आणि हे तिने मला निकाल लागेपर्यंत कळू दिलं नाही.

माझा तेव्हाचा अभ्यास म्हणजे आवाज. संध्याकाळी मी ओसरीवर मांडी घालून बसायचो आणि पुढेमागे डुलत असा काही मोठ्याने वाचायचो की इतवारीतली आमची अख्खी गल्ली ऐकायची. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, पोरगं किती वाचते. वहिनीने हा कार्यक्रम आठ दिवस पाहिला. नवव्या दिवशी ती पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘भाऊजी, पुस्तक मिटवा.’’ मी मिटवलं. ‘‘आता सांगा.’’ काय सांगू? ‘‘काय वाचून राहिले होते ते.’’ मी तोंड उघडलं. गेला पाऊण तास मी इतिहासाचा एक धडा तीनदा वाचला होता, आणि त्यातला एक शब्द मला सांगता येईना. मला तेव्हा खरोखर भीती वाटली. शाळेत गुरुजींसमोर बोबडी वळते ते वेगळं, तिथे आपण घाबरलेलो असतो. इथे समोर वहिनी होती, मला तुमी म्हणणारी, आणि आतमध्ये काहीच नव्हतं.

‘‘होते असं,’’ ती म्हणाली. ‘‘उद्यापासून आत बसा, सिगडीपाशी.’’

आमच्याकडे दगडी कोळशाची सिगडी होती आणि घड्याळ एकच, बाबांच्या मनगटावर. त्यामुळे वहिनीने वेळ मोजायची ती रांधण्यावर. भाताला उकळी येईस्तोवर एक पान वाचायचं, मनातल्या मनात, न डुलता. उकळी आली की पुस्तक मिटवून तिला ते सांगायचं. वरण शिजेस्तोवर गणित. पोळ्या लाटून होईस्तोवर कालचं पान, पुस्तक न उघडता, आठवून. ‘‘आधी कालचं सांगा’’ हे तर तिचं रोजचं. मी कुरकुरायचो की कालचं झालं ना, आज कशाला? ती म्हणायची, ‘‘कालचं उरलं का नाही ते पाहून राहिली.’’ आणि मी जे काही सांगेन त्यावर तिचा एकच प्रश्न, काहून? पानिपतात हरले. काहून? लोखंड गंजते. काहून? दोन-तीन ‘काहून’ झाले की माझी गाडी रुतायची आणि मला निमूटपणे पुस्तक उघडावं लागायचं. सुरुवातीला मला हे अपमानाचं वाटे. मग हळूहळू वाचतानाच मनात तो प्रश्न यायला लागला. आता ही इथे काहून विचारेल, असं वाटायचं आणि मी त्या ओळीवर थांबायचो.

पण मी काही इतक्यात सुधारणारा नव्हतो. मला वाटायचं, ही आठवी शिकलेली, हिला नववीचं काय कळणार? एके संध्याकाळी गल्लीत क्रिकेट रंगलं होतं, मी पान नुसतं उलटलं आणि भाताला उकळी आल्यावर ठोकून दिलं, ‘‘गोदावरी अरबी समुद्राले मिळते.’’ वहिनीने विचारलं, काहून? मी तयारच होतो. नाशिकजवळ ती निघते, तिथून मुंबईचा समुद्र हाकेवर, पाणी लांब कशाला जाईल? चांगली दोन मिनिटं मी कारणं देत होतो, हातवारे करत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘आमच्या गावाखाली कन्हान वैनगंगेले मिळते. तथलं पाणी उगवतीकडं जाते, मी लहानपणापासून पाहून राहिली. अन् ते पाणी पुढं गोदावरीत जाते, असं तुमच्या पुस्तकात सत्तराव्या पानावर आहे. मंग ते उगवतीकडून परत फिरून मुंबईले काहून जाईल, भाऊजी?’’

मी पुस्तक उघडलं. सत्तरावं पान. तेव्हा मला समजलं की दुपारी मी शाळेत, बाबा-दादा दुकानात आणि आई निजलेली असताना ही बाई माझी घरी राहिलेली नववीची पुस्तकं वाचत होती. सगळी. मला हसू आलं, मग लाज वाटली, आणि मग थोडा रागही आला, की हिने आधी का नाही अडवलं? ती म्हणाली, ‘‘खोटं सांगाले किती मेहनत लागते ते तुमाले समजाले पाहिजे होतं. तेवढ्यात पान वाचून झालं असतं.’’ क्रिकेट त्या दिवसापासून सुटलं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण पान न वाचता सांगणं मात्र सुटलं.

सहामाही परीक्षा आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला प्रश्नपत्रिका ओळखीची वाटली. सगळं येत होतं. सिगडीपाशी सांगितलेलं जसंच्या तसं आठवत होतं आणि मी ते जसंच्या तसं लिहिलं. तीच चूक झाली. विज्ञानाचे शिक्षक आमच्याकडचे नव्हते, त्या वर्षीच बदलून आले होते. वाईट माणूस नव्हता, पण जीभ तिखट होती. पेपर वाटताना त्यांनी माझा पेपर हातात धरला आणि वर्गाला वाचून दाखवला: ‘‘पृथ्वी सूर्याभोवती फिरून राहिली आहे. काहून की सूर्य तिला ओढून राहिला आहे.’’ मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘फिरून राहिली? कुठे राहिली रे ती? मावशीकडे?’’ वर्ग फुटला. हसणाऱ्यांतल्या निम्म्या पोट्ट्यांनी आपापल्या पेपरात तेच लिहिलं होतं, पण हसायला काय जातं! त्या एका पेपरात भाषेपायी इतके गुण गेले की मी काठावरून खाली, नापासात पडलो.

घरी आलो, दप्तर फेकलं आणि सांगून टाकलं की मी उद्यापासून शाळेत जाणार नाही, दुकानात जातो. तिथे निदान बोलण्यावर कोणी हसत नाही. आई रडायला लागली. वहिनी पोळ्या लाटत होती. तिने पेपर मागितला, पीठ पुसून हातात घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिचा चेहरा उतरला होता. आता कळतं की तिचाही फॉर्म त्या पेपरावर टांगलेला होता.

‘‘चूक तुमची नाही,’’ ती म्हणाली. ‘‘माही आहे. मी तुमाले अर्धंच शिकवलं.’’

‘‘म्हणजे आता आपल्या बोलीत सांगाचंच नाही का?’’

‘‘काहून नाही? समजलं तं आपल्याच बोलीत ना? त्या मास्तरनं उत्तर चूक आहे असं कुठं लिवलं? कुठंच नाही. पाहा ना. त्यानं फक्त बोलणं खोडलं.’’ तिने तो पेपर माझ्यासमोर धरला. खरंच, लाल शाई होती ती सगळी ‘राहिली’वर आणि ‘काहून’वर. ‘‘सिगडीपाशी समजून घ्याचं. मंग ते पेपरच्या भाषेत घालाचं. दोन कामं आहेत, भाऊजी. आपण एकच करून राहिलो होतो.’’

कापडाच्या ठाणात मधे जाड कागद घालून येतो. बाबा तो घरी आणायचे, आई त्यात मसाले बांधायची. वहिनीने त्या कागदाचे तुकडे करून दोऱ्याने एक वही शिवली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे आपलं, उजवीकडे पेपरचं. काहून, का. फिरून राहिली, फिरत आहे. मले, मला. पाह्यलं, पाहिले. रोज माझ्या तोंडून सिगडीपाशी जे निघेल त्यातले शब्द ती डावीकडे लिही आणि उजवीकडचे आम्ही दोघं मिळून धड्यांतून शोधून काढू. मजा अशी की उजवीकडचं तिलाही येत नव्हतं. मी तिच्या चुका काढायचो, ती माझ्या. कधीकधी एका शब्दावरून आमचं असं भांडण व्हायचं की आई म्हणे, दीर-भावजय इस्टेटीवरून भांडून राहिले का काय!

मग तिने ठरवलं की रविवारी सकाळी घरात फक्त पेपरची भाषा बोलायची. पहिल्या रविवारी बाबा ओसरीवर दाढी करत होते आणि आतून आवाज आला, ‘‘भाऊजी, आपण चहा घेणार आहात काय?’’ मी उत्तर दिलं, ‘‘होय, मी चहा घेणार आहे. कारण मला तहान लागलेली आहे.’’ बाबांचा वस्तरा थांबला. ते आत डोकावले आणि आईला विचारते झाले, ‘‘काहून वं, पुण्याहून पाहुणे आले का?’’ दादा हसून हसून लोळला. वहिनीने मात्र चेहरा न हलवता कप पुढे केला. हे सगळं तिने गमतीसाठी केलं नव्हतं. तिला त्या परीक्षेत मला पास करायचं होतं, आणि त्यासाठी स्वतःला हसवून घ्यायलाही ती तयार होती. मला त्या रविवारी पहिल्यांदा वाटलं की मी पास होईन. होईन म्हणजे काय, होणारच.

आणि झालो. वरच्या वर्गात ढकललेला नाही, सगळ्या विषयांत धड पास. बाबांनी समोसे आणले, गल्लीत दोन-चार जणांना थांबवून सांगितलं. जेवणं झाल्यावर वहिनी दाराशी आली आणि पदर सारखा करत म्हणाली, ‘‘मामंजी, आता माहा फॉर्म...’’ बाबांना आठवलं असावं. त्यांनी नजर वळवली. ‘‘पाहू पुढच्या साली. आता याचं दहावीचं वर्ष. घरात दोन-दोन अभ्यास कायले?’’ वहिनी आत गेली, आणि कधी भांड्याचा आवाज न करणाऱ्या त्या बाईने पातेलं असं आपटलं की आम्ही सगळे दचकलो.

मी आईला विचारलं, काय भानगड आहे? तेव्हा आईने सांगितलं. माझ्या नववीची ती अट, वर्षापूर्वीची. वर्षभर ही माझ्या मागे लागली होती, मला वाटलं माझ्यासाठी. आणि कळलं तेव्हा, खरं सांगतो, मला फसवल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला तिचा अभिमान वाटला. दहावीची जुनी पुस्तकं मी त्याच दिवशी आणली होती. तो गठ्ठा उचलून मी बाबांच्या खाटेवर ठेवला.

‘‘हे परत करा. मी उद्यापासून गाठी उचलाले येतो.’’

‘‘मले धमकी देतं का गा?’’

‘‘नाई बाबा. तुमी तिले शब्द देल्ला होता.’’

मी गठ्ठ्यावरचा हात काढला नाही. एवढा वेळ भिंतीला टेकून बसलेला दादा, ज्याने बाबांपुढे आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं, तो उठला आणि चपला घालत म्हणाला, ‘‘फॉर्म मी घेऊन येतो. तुमी फक्त सही करा.’’ रात्री कुठून फॉर्म मिळणार होता! पण तो खरंच बाहेर पडला आणि चौकापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या दिवशी दुकानातून दुपारची सुट्टी काढून त्याने तो आणला. बाबांनी सही केली.

त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, शाळा सोडल्याचे कारण. मी म्हटलं, घरगुती अडचण लिहा, सगळे तेच लिहितात. वहिनीने टाक उचलला, बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, ‘मला कोणी विचारले नाही.’ एकही चूक नाही, अगदी उजवीकडच्या रकान्यातली भाषा. फॉर्म घेणाऱ्या कारकुनाने ते वाचलं, खोडलं आणि वर ‘घरगुती अडचण’ लिहून दिलं. दादा सांगतो, बाहेर पडून गल्लीत पोचेपर्यंत तिने दादाचा हात सोडला नव्हता. त्या काळात भर रस्त्यात!

दहावीला आम्ही एकाच वर्षी बसलो. मी शाळेतून, ती बाहेरून. निकाल लागला. मी पास, आणि ती गणितात नापास. त्या संध्याकाळी तिने रोजच्यासारखं सगळ्यांना वाढलं, माझ्या ताटात एक पोळी जास्तीची ठेवली. चार दिवसांनी मी तिचं गणिताचं पुस्तक घेऊन आत गेलो. ‘‘वैनी, पुस्तक मिटवा. आता सांगा.’’ तिने एक उदाहरण धडाधड मांडलं. मी फक्त आकडे बदलले, आणि ती अडकली. पुन्हा बदलले, पुन्हा अडकली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर मला घोकंपट्टीवरून बोलणाऱ्या या बाईने बीजगणित पाठ केलं होतं! पायरीन् पायरी, ‘क्ष’सकट. मी म्हटलं, ‘‘हे तं तुमीच डुलून वाचून राहिल्या.’’ तिला ते एवढं लागलं की दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सिगडीवर भात ठेवून म्हणाली, ‘‘क्ष म्हणजे काय ते मले आपल्या बोलीत सांगा. मी कोणाले विचारलंच नाही.’’ मग मी शिकवायला लागलो आणि ती प्रत्येक पायरीला काहून विचारायला लागली. त्या चार महिन्यांत माझं स्वतःचं गणित जेवढं पक्कं झालं तेवढं कॉलेजात झालं नाही. पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो, जन्मभर पाण्याची गणितं केली.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल पेपरात आला तेव्हा ती नळावर होती. मी गल्लीच्या तोंडापासून ओरडत आलो, ‘‘वैनी, नंबर आहे!’’ ती म्हणाली, ‘‘थांबा, बादली भरू द्या.’’ बादली भरली. ती तिने बाजूला नीट ठेवली, दुसऱ्या बाईसाठी जागा केली, आणि मग पायरीवर बसून रडली. मीही रडलो. सोळा-सतरा वर्षांचा घोडा भर गल्लीत रडतो याची तेव्हा लाज वाटली होती, आता वाटत नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. बालवाडीचं काम लागलं, मुलगा झाला, बाबा गेले, आई गेली, घर बदललं. सिगडी जाऊन गॅस आला. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा ती थकलेली होती, चार पावलं चालली की दम लागे. तरी मला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवून विचारलंच, ‘‘काय वाचून राहिले भाऊजी सध्या?’’ मी म्हटलं, रिटायर माणूस, काही नाही, मोबाइल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळलो. ती आमची शेवटची भेट. मला वाटायचं तिचा हा प्रश्न फक्त माझ्यासाठी आहे. चाळीस-बेचाळीस वर्षं मी त्याच समजुतीत होतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा नागपूरला गेलो. सकाळी उठून स्वयंपाकघरात आलो तर दादा त्या स्टुलावर बसलेला, मांडीवर वर्तमानपत्र, नजर रिकाम्या ओट्याकडे. चहा झाला नव्हता.

‘‘काय करून राहिला दादा?’’

‘‘पेपर वाचून झाला.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय... सांगू कोणाले?’’

मग त्याने हळूहळू सांगितलं. दहावी पास झाल्यावर वहिनी त्याच्याही मागे लागली होती, की तुमीही सतरा नंबरचा फॉर्म भरा. त्याने हसण्यावारी नेलं, या वयात पोट्ट्यायसंग बसू का म्हणून. तिने हट्ट धरला नाही. एवढंच म्हणाली, मले पेपर वाचाले वेळ नाही भेटत, चहा होईस्तोवर तुमी वाचा अन् एक बातमी मले सांगा. पेपर मिटवून. तेव्हापासून रोज, घरातलं दुसरं कोणी उठण्याआधी. ‘‘मले वाटे, मी तिच्यासाठी वाचून राहिलो,’’ दादा म्हणाला. ‘‘एक दिवस मी चुकीचं सांगतलं, तं म्हणे, खालची ओळ पाहा. म्हणजे ती आधीच वाचून ठेवत होती गा. पहाटेच.’’

‘‘मंग तू काय म्हटलं?’’

‘‘काही नाही. मलेही बरं वाटे.’’ त्याने पेपरावरून हात फिरवला. ‘‘पण परभ्या, फॉर्म भराले पाहिजे होता. तिनं दोनदा विचारलं होतं.’’

मी चहाचं आधण ठेवलं आणि म्हटलं, ‘‘मिटव पेपर. सांग मले.’’

दादाने पेपराची घडी घातली, डोळे बारीक केले आणि कुहीकडच्या कालव्याला यंदा पाणी कधी सुटणार त्याची बातमी सांगू लागला. आधी कोणाला मिळणार, नंतर कोणाला. मध्येच अडखळला. ‘‘कोण्या गावापासून सुरू होते... नाही आठवून राहिलं.’’ ते गाव मला माहीत होतं. नोकरीची अकरा वर्षं मी त्याच कालव्यावर काढली आहेत. नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी सांगितलं नाही. चहाला उकळी येत होती. दादाने चष्मा लावला आणि पेपर पुन्हा उघडला.